सेक्रेटरीबाई रॉकच्या दारी

संग्रहालयात मोठ्याने बोलू नये, हे आपल्याला शाळेच्या सहलीत शिकवतात आणि ते शिक्षण जन्मभर पुरतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांच्या दालनातून मी याच शिस्तीने फिरले आहे. काचेआड वाद्यं गप्प, काचेबाहेर आपण गप्प आणि दुपारची वेळ असल्यामुळे खुर्चीवरचा रखवालदार सगळ्यांहून गप्प. तंबोऱ्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. इलेक्ट्रिक गिटारचं कसं व्हायचं? जे संगीत घराघरांतून ‘आवाज कमी कर’ ही आरोळी ऐकत लहानाचं मोठं झालं, त्याला काचेत ठेवायचं आणि लोकांना ‘हळू बोला’ म्हणायचं, हा प्रकार मला मुळातच संशयास्पद वाटत होता. पण अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात रॉक संगीताच्या इतिहासाचं भलं थोरलं संग्रहालय आहे आणि आमचे चिरंजीव पोटापाण्यासाठी नेमके त्याच शहरात जाऊन राहिले आहेत. त्यामुळे नावड्याहून निघालेली मी, नायगारा बघायच्या आधीच, ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या दारात उभी राहिले.

माझी पात्रता आधी सांगते. माझं संगीतशिक्षण रेडिओवरच्या ‘आपली आवड’पर्यंत झालं आणि पुढचं सगळं सोसायटीच्या तक्रार वहीत. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे पद मिळवावं लागत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेला जो उशिरा पोहोचतो, त्याला ते टाळ्यांच्या गजरात देतात.

आमचं नावडे मुंबईकरांच्या हिशेबी पनवेलमध्ये येतं, पनवेलकरांच्या हिशेबी तळोज्यात आणि तळोजेकरांच्या हिशेबी कळंबोलीत. आम्हा नावडेकरांच्या हिशेबी मात्र ते जगाच्या मध्यभागी आहे, कारण जगातले सगळे आवाज तिथे ऐकू येतात. दिवा-पनवेल मार्गावर आमचं नावडे रोड स्टेशन आहे आणि त्या रुळांवरून रात्री-अपरात्री मालगाड्या जातात. तळोजा एमआयडीसीचे भोंगे आहेत. फाट्यावर ट्रेलर रिव्हर्स घेताना कुठल्या तरी जुन्या सिनेमातलं गाणं वाजवतात, तेही अर्धंच. यांपैकी कशाबद्दलही आमच्या तक्रार वहीत एक ओळ नाही. माणसाला यंत्राचा आवाज सोसतो, दुसऱ्याच्या मुलाचा सोसत नाही.

त्या दुसऱ्याच्या मुलांत आमचा एक होता. अकरावीत असताना त्याने इलेक्ट्रिक गिटार आणली आणि तिच्याबरोबर एक काळा खोका आणला. खरं तर गिटारची काहीच अडचण नव्हती. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही कळत नाही, इतकी ती गरीब. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. तार थरथरली की वेटोळ्यात इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो इवलासा प्रवाह मोठा करायचं काम तो खोका करतो. हे शास्त्र मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आमच्या दुसऱ्या मजल्यावर खोका चालू झाला की चौथ्या मजल्यावर फळीवरचे डबे वाजतात.

लेखी तक्रार आली. नियमाप्रमाणे नोटीस काढणं भाग होतं. ‘विषय : आपल्या सदनिकेतून येणाऱ्या कर्कश आवाजाबाबत.’ सेक्रेटरी म्हणून खाली मी सही केली, जिना चढून वर गेले, स्वतःच्या घराची बेल वाजवली आणि नोटीस दिली. पोच म्हणून ह्यांची सही घेतली. हे तळोज्यातल्या एका कारखान्यात जन्मभर कॉम्प्रेसरच्या शेजारी नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या कानांनी स्वेच्छानिवृत्ती बरीच आधी घेतली होती. सही करून झाल्यावर त्यांनी निरागसपणे विचारलं, “कसला आवाज?” आमच्या घरात रॉकला मिळालेला हा एकमेव पाठिंबा.

तर अशी मी, सहकुटुंब, संग्रहालयाच्या दारात. ईरी सरोवराच्या काठावर ही इमारत आहे. समोरून पाहिली तर काचेचा मोठा उतरता डोलारा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोर काचेचा पिरॅमिड बांधणारे आय. एम. पेई हेच इथले वास्तुरचनाकार. १९९५ साली ही इमारत उघडली. चिरंजीवांनी सांगितलं की पेईसाहेबांना काम देऊ केलं तेव्हा त्यांना रॉकमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आपला रॉकशी संबंध एवढाच, की घरात मुलं ते लावायची आणि आपण त्यांना आवाज कमी करायला सांगायचो, असं त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. मग संग्रहालयाच्या मंडळींनी त्यांना एल्विस प्रेस्लीच्या घरी वगैरे फिरवून आणून थोडी गोडी लावली. मला एकदम हायसं वाटलं. रॉकचं सर्वांत मोठं देऊळ ज्याने बांधलं, तो माणूस माझ्या पक्षाचा निघाला. आत शिरताना मी मान जरा ताठ केली.

आत संग्रहालयात असतं ते सगळं होतं. गिटारी होत्या, गाणी लिहिलेले खाडाखोडीचे कागद होते, कलावंतांचे कपडे होते. कपड्यांपुढे मी बराच वेळ थांबले, कारण एवढी जर नवरीच्या शालूवरही नसते आणि हे सगळं पुरुषांनी घातलेलं. आवाजही होता. पडद्यांवर जुने कार्यक्रम चालू होते, त्यांचं संगीत दालनांतून फिरत होतं. पण तो आवाज कसा, तर सोसायटीच्या नियमात बसणारा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, ही मर्यादा मी आमच्या सूचना फलकावर टाइप करून लावलेली आहे, त्यामुळे माझा कान त्या बाबतीत तयार आहे. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरात ‘डीप पर्पल’ या बँडचा आवाज ११७ डेसिबल भरला आणि ऐकणाऱ्यांपैकी तिघे बेशुद्ध पडले, अशी गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली होती. ते ‘डीप पर्पल’ही याच संग्रहालयाने निवडलेल्या मानकऱ्यांत आहेत आणि इथे त्यांच्यामुळे कुणाची डुलकीसुद्धा मोडत नव्हती.

हे सगळं क्लीव्हलंडमध्येच का, हा प्रश्न मला पडला. चिरंजीव यासाठीच टपून बसले होते. ॲलन फ्रीड नावाचा रेडिओवरचा निवेदक या शहरात होता. ‘रॉक अँड रोल’ हे नाव घराघरांत नेलं ते त्याने. २१ मार्च १९५२ रोजी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी क्लीव्हलंड अरीनामध्ये ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ नावाचा जलसा ठेवला. जगातला पहिला रॉक कार्यक्रम म्हणतात तो हाच. जागा सुमारे दहा हजारांची, माणसं आली त्याच्या दुप्पट. दारं मोडली, चेंगराचेंगरी झाली आणि पहिलं गाणं जेमतेम होतंय तोच पोलीस आणि अग्निशमन दलाने कार्यक्रम बंद पाडला.

“म्हणजे जगातला पहिला रॉक कार्यक्रम हा जगातला पहिला बंद पाडलेला रॉक कार्यक्रम,” मी म्हणाले.

“आई, तू भलतंच बघतेस,” चिरंजीव म्हणाले.

पण माझ्या डोक्यात दिवा लागला होता. त्यापुढे चिरंजीव जे जे कौतुकाने सांगत गेले, ते ते मी मनातल्या तक्रार वहीत नोंदवत गेले. बीटल्सनी ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमध्ये आपल्या कचेरीच्या गच्चीवर जाऊन गाणी म्हटली. बँड म्हणून लोकांपुढे त्यांचं ते शेवटचंच वाजवणं. सुमारे बेचाळीस मिनिटं झाली आणि पोलीस गच्चीवर आले, कारण आसपासच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली होती. शेजारचा लोकरीचा एक व्यापारी तर चांगलाच संतापला होता. ज्याला व्यवसायापायी दिवसभर फोनवर बोलायचं आहे, त्या माणसाची बाजू मला तरी पटली.

पुढे तेच ‘डीप पर्पल’. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी ध्वनिमुद्रणाला गेली. ज्या कॅसिनोत मुद्रण करायचं, तो आदल्याच कार्यक्रमात जळाला. त्या आगीचा धूर सरोवरावर पसरला, त्यावरून ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणं झालं. ते मुद्रित करायला त्यांनी गावातलं दुसरं थिएटर धरलं. झोपलेलं गाव जागं झालं, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि बँडवाले स्वतःच सांगतात त्याप्रमाणे, गाणं पुरं होईपर्यंत त्यांच्या माणसांनी दारं आतून दाबून धरली. दुसऱ्या दिवसापासून जागा सोडावी लागली. जगातला प्रत्येक गिटार शिकणारा मुलगा पहिल्यांदा जी धून वाजवतो, ती ही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर गेली तीही हीच. म्हणजे तिच्यावर पहिली तक्रार आमच्या सोसायटीने केली, हा आमच्या मंडळींचा समज चुकीचा आहे. माँत्रोकरांनी ती आधीच केली होती.

संग्रहालयात हातात माहितीपत्रकं घेतलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. चेहरा मायाळू. मी चिरंजीवांना मध्ये घालून विचारलं, “इथे तक्रारीचे अर्ज कुठे मांडले आहेत?” बाईंनी अदबीने विचारलं, तुम्हाला संग्रहालयाबद्दल तक्रार करायची आहे का? मी म्हटलं, तसं नाही. या सगळ्या कलावंतांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या तक्रारी. त्या कुठल्या मजल्यावर आहेत? बाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, “तुम्ही संगीतकार आहात का?”

चिरंजीव म्हणाले, “नाही. शेजारी.”

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की तो त्या दिवशी संग्रहालयात ऐकलेला सर्वांत नैसर्गिक आवाज ठरला. पण उत्तर त्यांनाही देता आलं नाही.

एक लेखी तक्रार मात्र या संस्थेच्या दप्तरी आहे आणि ती खुद्द मानकऱ्यांचीच. २००६ साली ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडला इथलं मानाचं पान मिळालं. त्यांनी येणार नाही म्हणून कळवलं आणि हाताने खरडलेल्या पत्रात या संस्थेची अशी काही संभावना केली की ती इथे छापता येणार नाही. संस्थेने ते पत्र समारंभात जाहीर वाचून दाखवलं. यावर मी मनातून संस्थेला मानलं. आमच्याकडेही मेंटेनन्स मागितल्यावर याच भाषेत उत्तर देणारे एक सभासद आहेत, पण त्यांचं पत्र सभेत वाचायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

ॲलन फ्रीडचं पुढे काय झालं, तेही ऐकण्याजोगं आहे. १९६५ मध्ये तो वारला. २००२ साली त्याच्या अस्थी या संग्रहालयात आणून ठेवल्या. ज्याच्यामुळे हे सगळं या गावात आलं, त्याच्या अस्थी इथेच असाव्यात, यात गैर काही नाही. पण २०१४ मध्ये संग्रहालयाने घरच्यांना कळवलं की आता त्या घेऊन जा. करार संपलेल्या भाडेकरूलाही आम्ही याहून जास्त मुदत देतो. शेवटी २०१६ साली क्लीव्हलंडच्याच लेक व्ह्यू दफनभूमीत त्या ठेवल्या आणि वर ज्यूकबॉक्सच्या आकाराचा दगड बसवला. जिवंतपणी पोलिसांनी कार्यक्रमातून उठवलं आणि मेल्यावर संग्रहालयाने जागेवरून. याला म्हणतात रॉकचं आयुष्य.

आमच्या सूनबाईंचं माहेर वाईचं. इतका वेळ त्या शांत होत्या, कारण प्रदर्शनात वाईचं काही नव्हतं. मग ‘क्वीन’ बँडचा विषय निघाला आणि त्या पदर खोचून पुढे आल्या. २००१ साली ज्या ‘क्वीन’ला इथे स्थान मिळालं, तिचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा. पारशी घरातला, १९४६ साली झांझिबारला जन्मलेला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. फारूखचा फ्रेडी झाला तो तिथे. बाराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून त्यात तो पियानो बडवायचा, तोही तिथेच.

“पाचगणी म्हणजे आमचा पसरणी घाट चढला की आलीच,” सूनबाई म्हणाल्या. “म्हणजे तो आमच्या वाईकडचाच.” तिथून पुढे त्या फ्रेडीचा उल्लेख माहेरच्या माणसाचा करावा तसा एकेरीत करू लागल्या. एवढी वर्षं पाचगणीत काढलेला मुलगा गणपतीच्या घाटावर कधी तरी आला असणारच, असंही त्यांनी ठरवून टाकलं. मी काही बोलले नाही. सातारा जिल्ह्यातल्या माणसाशी सातारा जिल्ह्याबद्दल वाद घालायचा नसतो.

पण मला ज्यांच्यापाशी थांबावंसं वाटलं, त्या बाई वेगळ्याच. सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५ चा. चर्चमध्ये देवाची गाणी म्हणणारी ही बाई हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन अशी वाजवायची की पुढच्या बाप्ये रॉकवाल्यांनी तिच्याकडून उचल घेतली. चर्चमधली भाविक मंडळी नाराज, कारण बाई नाइटक्लबातही वाजवते. १९७३ साली ती गेली आणि या संग्रहालयाला तिची आठवण झाली २०१८ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. अर्ज प्रलंबित ठेवण्यात अमेरिकेतल्या संस्थाही मागे नाहीत.

या रोझेटाबाईंनी ३ जुलै १९५१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये लग्न केलं. तिसरं. लग्नाला तिकीट लावलं होतं आणि ते काढून सुमारे वीस हजार माणसं आली. लग्न लागलं आणि नवरीने लग्नाच्या पोशाखातच गिटार गळ्यात अडकवून गाणं सुरू केलं. नंतर आतषबाजी झाली. म्हणजे क्लीव्हलंडच्या त्या पहिल्या म्हणवणाऱ्या जलशाच्या आधी आठ-नऊ महिने, खुल्या मैदानात, विजेच्या वाद्यावर, हजारोंच्या गर्दीत जे झालं ते एक लग्न होतं. मी नावड्याची, लग्नातला दणदणाट मला नवा नाही. हे वाचल्यावर मला पुढचं प्रदर्शन बघायची गरज राहिली नाही.

तरी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे तिथे ‘गराज’ नावाचं दालन आहे. तिथली वाद्यं काचेत नाहीत, आलेल्या माणसाने हातात घेऊन वाजवायची आहेत. ह्यांनी ड्रमच्या काठ्या उचलल्या. तरुणपणी गोविंदा पथकापुढे ताशा वाजवलेला हात तो. क्लीव्हलंडच्या त्या खोलीत ताशाची तर्री अशी कडाडली की दोन गोरी मुलं आपल्या गिटारी खाली ठेवून बघत राहिली. ह्यांनी वाजवून झाल्यावर घाम पुसला आणि मला विचारलं, “ऐकू येत होतं ना?” पोच म्हणून मी मान हलवली.

दुसरी गोष्ट चक बेरीची. १९८६ साली या संस्थेने मानकऱ्यांची जी पहिली यादी काढली, तिच्यात तो होता. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली, तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे नमुने आहेत. रॉकच्या वतीने तिथे चक बेरी आहे आणि आपल्या वतीने आपल्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई आणि सेंट लुइसचा चक बेरी एकाच तबकडीवर, ताऱ्यांमधल्या अवकाशात जाऊन पोहोचलेले आहेत. आत्तापर्यंत एकही तक्रार नाही. शेजार नसला की संगीताचं असं होतं. कुणी ऐकतही नाही आणि कुणी ओरडतही नाही.

परत आलो तो लग्नसराईत. आमच्या नावडे गावातल्या आगरी मंडळींत लग्नाहून हळदीची रात्र मोठी. पूर्वी मांडवात धवलारीण बसायची आणि धवळे गाऊन लग्न लावायची. आता हळदीला बेंजो असतो. गावातल्या ओळखीच्या बाईंचा निरोप होता, “हलदीला ये, नायतर राग येईल आमाला.” गेले. मांडवाच्या बाहेर स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक सडपातळ मुलगा बसून बेंजो वाजवत होता. विश्रांतीत मी त्याच्याजवळ जाऊन वाद्य नीट पाहिलं. या वाद्याची कुळकथा अशी की १९१२ साली जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ बनवलं. ते भारतात आलं, त्याला बुलबुलतरंग म्हणू लागले आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याचा बेंजो झाला. २०१६ मध्ये रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यात रितेश देशमुखने वाजवला तो हाच.

“एवढ्याशा तारांचा एवढा आवाज कसा?” मी विचारलं.

“काकी, आत पिकअप बसवलाय,” तो म्हणाला. “चुंबक आणि कॉइल. गिटारला असतो तोच.” आणि मागे बोट केलं. मागे एक काळा खोका होता.

त्याने पुन्हा वाजवायला घेतलं. नवरदेवाच्या आत्यापासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळी नाचत होती, हळदीने पिवळी झालेली. माझ्या बरगड्यांत ढोल वाजत होता. इतक्यात पर्समध्ये फोन थरथरला. सोसायटीतले सभासद. आवाजाबद्दल काही करा म्हणून सेक्रेटरीला फोन. मी उचलला, पण दोन्हीकडून काही ऐकू जाईना. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. हवालदार हसतमुख होते. त्यांनी घड्याळ दाखवलं, वरपक्षाने ‘शेवटचं एक’ म्हणून विनंती केली आणि ते शेवटचं एक गाणं फार लांबलं. बाकी, माँत्रोची दारं इथे धरावी लागली नाहीत, कारण मांडवाला दारं नव्हती.

मुंबईतही हेच घडून गेलं आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा. आपल्याकडच्या रॉक बँडांची पंढरी म्हणायची ती जागा. पण आसपास रुग्णालयं, कॉलेज, कोर्ट. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथला रॉक उठला. रॉकच्या आठवणी इथे आणखीही आहेत. कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्कोथेक होता. १९७२ साली ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे स्वतः वाजवून गेले. २०१९ च्या डिसेंबरात ‘यू टू’ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन गेले, म्हणजे आमच्या अगदी उंबऱ्यात. हे सगळं गोळा करून ठेवायला आपल्याकडे रॉकचं संग्रहालय नाही. ते व्हावं, आणि झालं तर नावड्यात व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा सिडको देईल. काचेत बेंजो, धवलारणीची ध्वनिफीत आणि पाचगणीच्या फ्रेडीचा फोटो. फोटोचं उद्घाटन सूनबाई करतील. क्लीव्हलंडला जे सुचलं नाही ते दालन मात्र आपण मुख्य दारातच ठेवायचं : तक्रारींचं दालन. कारण रॉकचा इतिहास म्हणजे शेजाऱ्यांनी केलेल्या तक्रारींचा इतिहास. पोलीस आले, तेव्हाच त्या गाण्यात काही तरी जिवंत होतं अशी नोंद झाली. वाजवणाऱ्याला आपण कसं वाजवलं हे लक्षात राहत नाही. किती वाजता, किती वेळ आणि कुठल्या मजल्यापर्यंत, हे फक्त तक्रारदार सांगू शकतो.

तेव्हा सर्व सभासदांना कळविण्यात येते की आपल्या वरच्या किंवा खालच्या मजल्यावर कुणी पोर गिटार घेऊन बसलं असेल, तर तक्रार जरूर करा. फोनवर करू नका, तोंडी करू नका. स्वच्छ अक्षरात, तारीख-वेळ घालून, सहीनिशी करा, वाजवलेल्या गाण्याचं नाव माहीत असल्यास तेही लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.